जावयाने धरलेला मासा

आखन
२८ एप्रिल २०२४

ती. आईंना शिरीषचा नमस्कार,

तुमचा रेशमाच्या लडींचा डबा सुखरूप पोचला. फोनवर तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवून दिलं आहे असं नंदिनी सांगते, तेव्हा पत्रच बरं. जावयाने सासूला पत्र लिहायचं म्हणजे जरा दडपण येतं. शाळेत तुम्ही शिवणकाम शिकवायचात, पण शुद्धलेखनालाही सोडत नव्हतात असं ऐकून आहे.

त्या रेशमाचं काय केलं ते सांगतो. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही इथे होतात तेव्हा माझ्या टेबलावरची पिसं, केस आणि बारीक गळ बघून ‘बाबांनी हे काय चेटूक मांडलंय?’ असं अन्वीला विचारलं होतंत. ते चेटूक म्हणजे खोट्या माश्या. इथे जर्मनीतल्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो, तो पाण्यावर बसणारे किडे खातो. त्याला फसवायला तांदळाच्या दाण्याएवढ्या गळावर रेशीम गुंडाळून किड्याचं पोट करायचं, सशाच्या कानाचे केस पिळून छाती करायची, कोंबड्याच्या मानेचं पीस भोवती फिरवून पाय करायचे. उशीच्या अभ्र्यांवरच्या पोपटांना तुम्ही वापरायचात ते पिवळं रेशीम मी मेण लावून ओढलं, तर ते शेवाळी झालं. अगदी आमच्या नदीवरच्या किड्याचा रंग! दुकानातल्या नायलॉनला हे जमत नाही.

तेव्हा मी नुसत्याच माश्या बांधत होतो. इथे परीक्षा दिल्याशिवाय नदीवर गळ टाकता येत नाही. हिवाळ्यात ती परीक्षा दिली आणि रूर नदीवरच्या एका क्लबात नाव घातलं. काल तिथेच, आयफेलच्या डोंगरात, तुमच्या रेशमाची माशी पाण्यावर सोडली. एका दगडामागून ट्राउट वर आला, माशी तोंडात घेतली आणि दोर ताणला. आई, गिअरबॉक्सच्या टेस्टिंगमध्ये माझी इतकी वर्षं गेली, पण छातीत असं कधी धडधडलं नव्हतं. अंगावर लाल ठिपके, त्यांच्याभोवती निळसर कडं. याच नदीत एशे नावाचा दुसरा मासा आहे, त्याच्या पाठीवर शिडासारखा मोठा पर असतो. तो हातात घेतला की हाताला ओव्यासारखा वास येतो. तो आता फार कमी राहिला आहे, म्हणून क्लबात त्याला मारायची बंदी आहे.

मी तर कुठलाच मारत नाही. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतो, म्हणजे तो अलगद निघतो, आणि मासा पाण्यात सोडून देतो. एकाही जिवाला धक्का नाही. चिंचवडला माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. घरात मासा येत नाही, त्यामुळे नंदिनीलाही वासाचा त्रास नाही. ती तर आता इतकी आमच्यातली झाली आहे की तिला मासळीची आठवणही येत नसेल.

तुमचा,
शिरीष


वेंगुर्ले
१९ मे २०२४

चि. शिरीषराव,

तुम्हा तिघांना आशीर्वाद. तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून आणि एकदा रागाने. मनाला लावून घेऊ नका, सासूला तेवढा हक्क असतो.

मला एक सांगा. मासा भुकेला होता म्हणून वर आला. तुम्ही त्याला माझ्या रेशमाचा घास दाखवलात, तोंडात लोखंड घातलंत, ओढत काठावर आणलंत, त्याचे लाल ठिपके बघितलेत आणि ‘जा बाबा’ म्हणून सोडलंत. ह्यात धक्का कुणालाच लागला नाही? आमच्या दारावरून रोज मासळीच्या पाट्या जातात. इथे कुणी धडधाकट मासा धरून परत पाण्यात सोडला, तर लोक त्याला डॉक्टरकडे नेतील. आम्ही खातो म्हणून मारतो. त्यात पाप असेल तर ते आम्ही भरल्या ताटावर बसून कबूल करतो.

आणि तुमचं ते टेबल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कोंबड्याची अख्खी मान कातडीसकट, सशाचे कान, हरणाचे केस, मोराचं पीस. एवढं प्राणिसंग्रहालय तुमच्या घरात चालतं, बांगडा तेवढा चालत नाही! धन्य तुमचं सोवळं.

पुढचं लिहू की नको असं करता करता चहा गार झाला, तरी लिहितेच. नंदिनीला लहानपणी ताप आला की औषधाच्या आधी तिसऱ्यांचं सुकं लागायचं. माशाचे काटे दुसऱ्याने काढून दिलेले चालायचे नाहीत, आणि बांगड्याचं डोकं ती कुणाला देईल तर शपथ. त्या मुलीला ‘आठवणही येत नसेल’ हे तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत? मी यात काही बोलत नाही. तुमचं तुम्ही तिला विचारा.

एवढा धरताच आहात तर एक तरी घरी न्या. गोड्या पाण्यातल्या माशाला म्हणे मातीचा वास येतो. हळद आणि चिंचेचा कोळ चोळून ठेवला की जातो.

शोभना


आखन
९ जून २०२४

ती. आई,

नमस्कार. तुमचं पत्र मी ऑफिसात नेऊन वाचलं. थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. मी नंदिनीला ‘खाऊ नकोस’ असं कधीही म्हटलेलं नाही. लग्न ठरलं तेव्हा आमची आई एवढंच म्हणाली होती, की घरात शिजवू नका, बाहेर काय ते करा. त्यावर नंदिनीच म्हणाली, ‘मी सोडलंच समजा.’ मी तिथेच सोफ्यावर बसलो होतो. मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

पण तुमचा शब्द मला मोडवेना. तर आनंदाची बातमी अशी, की काल मापाचा, म्हणजे नियमात बसतो तेवढा लांब, ट्राउट मिळाला आणि मी तो घरी आणला. नंदिनीने केला. हळद, तिखट, चिंचेचा कोळ, अगदी तुम्ही लिहिलं तसं, तव्यावर. अन्वीने खाल्ला आणि ‘लेकर!’ म्हणजे ‘चविष्ट!’ म्हणाली. नंदिनी फार बोलली नाही, तुम्हाला तिचा स्वभाव ठाऊकच आहे. पण काटे तिने ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवले होते. मी आपली भाजी-पोळी खाल्ली, पण त्याच टेबलावर बसून. आता तुमचा राग गेला असेल ना?

क्लबात हेर योरिसन, म्हणजे आपल्याकडे श्री. योरिसन, म्हणून एक निवृत्त गृहस्थ आहेत, ते नदीवर देखरेख करतात. मासा बघून तेही म्हणाले, तुमच्या बायकोला आनंद होईल. तसा तो झाला.

नंदिनीला मात्र याबद्दल मुद्दाम काही लिहू नका. तिला उगाच संकोच वाटेल.

तुमचा,
शिरीष


वेंगुर्ले
२ जुलै २०२४

चि. शिरीषराव,

पोटभर आशीर्वाद! मागच्या पत्रात जे काही बोलले ते सगळं परत घेते.

पत्र आलं तेव्हा शेजारची शैला पायरीवर बसली होती. तिला मोठ्याने वाचून दाखवलं. काट्यांच्या ओळीपाशी आले आणि पत्र तिच्या हातात दिलं, पुढचं तिने वाचलं. ही सवय नंदिनीच्या बाबांची. ते गेले तेव्हा ती कॉलेजात होती, तेव्हापासून तीही तसेच काटे लावते. तुम्ही समोर बसून ते पाहिलंत, याचं मला किती बरं वाटलं ते पत्रात लिहिता येणार नाही.

संध्याकाळी सातेरीला नारळ दिला. देवळात भेटतील त्या बायकांना सांगितलं, माझा जावई घाटावरचा, त्यात भट, पण माझ्या लेकीसाठी स्वतः मासा धरून घरी घेऊन आला. एक जण म्हणाली, ‘लोकांचे जावई आंब्याचे कलम मागतत, तुझो मासो हाडता!’ मी आपली मिरवत घरी आले.

नंदिनीला लिहू नका म्हणालात. मी प्रयत्न केला, पण आईच्या जिवाला ते कसं जमावं? तिच्या नावाने पार्सल पाठवलं आहे. आमसुलं, तिरफळं आणि घरचा मसाला. आत चिठ्ठी आहे, पण एका ओळीचीच. ‘जावईबापू पुढचा मासा आणतील त्याच्यासाठी.’ एवढ्याने काही तिला संकोच वाटणार नाही.

शोभना


आखन
४ ऑगस्ट २०२४

ती. आई,

नमस्कार लिहायचीसुद्धा लाज वाटते आहे.

पार्सल आलं. नंदिनीने उघडलं. तुमची चिठ्ठी तिने माझ्या चहाच्या कपाजवळ ठेवली आणि विचारलं, “शिरीष, हा कुठला मासा?”

आई, मी तुम्हाला खोटं लिहिलं. मासा घरात आला नाही. नंदिनीने केला नाही आणि अन्वीने खाल्ला नाही. काट्यांची ती ओळ मी लग्न ठरायच्या आधी एकदा तुमच्या घरी जेवताना नंदिनीच्या ताटात पाहिली होती, तीच उचलून पत्रात घातली. तुम्ही नारळ दिलात हे वाचलं तेव्हाच तुम्हाला लिहायला हवं होतं. धीर झाला नाही.

खरं काय घडलं ते सांगतो. मापाचा ट्राउट इथे सोडायचा नसतो. जर्मनीत मासा धरायला कारण लागतं, आणि खाणं हे ते कारण. नुसत्या मौजेसाठी धरायचा आणि सोडायचा हा प्राण्याचा छळ समजतात. परीक्षेत हा प्रश्न होता. मी बरोबर उत्तरावर खूण केली, पास झालो, आणि मग नदीवर आजूबाजूला कुणी नाही असं बघून मासे सोडत राहिलो. क्लबात नाव घालताना त्यांनी विचारलं होतं, घरी मासा कोण खातं? मी म्हटलं, माझी बायको समुद्राकाठची आहे, उत्तम करते. बायकोला सांगितलं, मी सगळे सोडतो. ज्याला जे आवडेल ते त्याला सांगत गेलो.

त्या शनिवारी ट्राउट लागला आणि मागून हेर योरिसन आले. “या, शोनर फिश,” म्हणजे हो, सुरेख मासा, असं म्हणाले. बायकोला आनंद होईल, हेही म्हणाले, तेवढं मी तुम्हाला खरं लिहिलं होतं. ते तिथेच उभे राहिले. मी पिशवीतून लाकडी दंडुका काढला. पहिला घाव नीट बसला नाही. मासा माझ्या मुठीत थरथरत राहिला. दुसऱ्या घावाने गेला. हेर योरिसन यांनी नजर दुसरीकडे वळवली ती मला दिसली.

क्लबाच्या मासिकात गुंडाळून तो मी बसमधून घरी आणला. आमच्या अंगणात कचऱ्याचे डबे आहेत, तुम्ही पाहिलेत. ओल्या कचऱ्याची ती तपकिरी बिओटोने. वर स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, नंदिनीने फोडणी टाकली होती आणि मोहरी तडतडलेली खाली ऐकू येत होती. मला जिना चढवेना. वर जाऊन काय म्हणणार होतो? लग्नाला बारा वर्षं झाली, तिच्यासाठी जे घरात कधी आलं नाही ते आज मी क्लबाचा नियम म्हणून आणलंय? मी डब्याचं झाकण उचललं, मासा आत टाकला, त्यावर कुणाची तरी सुकलेली फुलं ओढली. मग वर जाऊन हात धुतले आणि वरण-भात जेवलो. दुसऱ्या दिवशी बसून तुम्हाला ते पत्र लिहिलं.

मला वाटत होतं की हे फक्त मला माहीत आहे. पण मी ते पत्र लिहीत होतो त्याच सकाळी नंदिनी भाजीची सालं टाकायला खाली गेली होती. पार्सल उघडून झाल्यावर ती मला म्हणाली, “तुझ्या क्लबाचं मासिक या बिल्डिंगमध्ये फक्त आपल्याकडे येतं. शेपटी बाहेर आली होती. मी हात आत घातला. काढावा, धुवावा, आणि करावा असं वाटलं मला. मग वास आला. रात्रभर उन्हाळ्यात पडलेला तो. मी तशीच उभी राहिले डब्यात हात घालून. वरच्या मजल्यावरच्या आजी गुटन मॉर्गन म्हणाल्या, तेव्हा झाकण लावलं.”

आई, माझ्यामुळे तुमच्या मुलीने कचऱ्याच्या डब्यात हात घातला. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात, ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

एवढ्यात अन्वी दारात येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. म्हणाली, “मामा इस्ट डॉख फिश. इमर डॉनर्सटाग्स.” म्हणजे, ममा तर मासा खातेच, दर गुरुवारी. गुरुवारी इथे चौकात बाजार भरतो, तिथल्या गाडीवर उभं राहून, तळलेला मासा पावात घालून. अर्धा अन्वीला देते. मग दोघी बडीशेप चघळतात, नळावर हात धुतात, घरी येऊन जॅकेटं बाल्कनीत टांगतात. “दास दार्फ पापा निश्ट व्हिसन,” पापाला हे कळता कामा नये. अन्वी हे अगदी साधेपणाने म्हणाली. शाळेत शिरताना बूट बदलायचे असतात, तसा हाही तिच्या लेखी एक नियम.

नंदिनीने तिला आत पाठवलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “तू कधी विचारलंस?” त्यानंतर आम्ही जरुरीपुरतं बोलतो. ती रागावलेली नाही, हेच मला जास्त जड जातं.

शिरीष


वेंगुर्ले
२५ ऑगस्ट २०२४

शिरीषराव,

‘चि.’ लिहायला आज हात वळला नाही. तुम्ही चिरंजीव राहा, पण ते आज लिहिणार नाही.

तुमचं पत्र शैलाला दाखवलं नाही. ती विचारते, जावयांचं काय पत्र? मी म्हणते, मजेत आहेत, मासे आणतात. तेव्हा खोटं बोलायची पाळी आता माझ्यावर आली. देवळात मागच्या वाटेने जाते. दिलेला नारळ परत मागता येत नाही.

पण सगळी शरम तुमच्या एकट्याच्या पदरात टाकून मी मोकळी होणार नाही. ती बाहेर खाते हे मला माहीत होतं. लपून खा, हे तिला मीच सांगितलं, आणि बडीशेपेची पहिली पुडीही मीच तिच्या पर्समध्ये घातली. सासरचं मन राखावं असं मला शिकवलं होतं, ते मी तिला शिकवलं. आता ती अन्वीला शिकवते आहे. हे तुमच्या पत्रात वाचलं आणि मला माझीच चीड आली. दहा वर्षांच्या पोरीला बापापासून तोंड धुवायला लागतं!

गुरुवारचं मात्र मला ठाऊक नव्हतं. गुरुवारी आमच्या घरात कुणी मासळीकडे बघत नाही. माझी मुलगी गुरुवारी खाते, कारण तिथला बाजारच गुरुवारी भरतो आणि तिला घर नाही. घर असून नाही. तुमच्या स्वयंपाकघरात शनिवार-रविवार होते की हो.

आता रडणं पुरे. रडून फोडणी होत नाही. आधी त्या जर्मन गृहस्थांकडे जा आणि त्यांना खरं सांगा. मग मासा आणा. मारायचा तर एका घावात मारा. साफ तुम्हीच करा आणि शिजवाही तुम्हीच. नंदिनीला हात लावू देऊ नका. तिने त्या डब्यात घातला तेवढा पुष्कळ झाला. खोबरं, सुक्या मिरच्या, धणे आणि हळद गुळगुळीत वाटून घ्या. तिरफळं ठेचून बिया काढून टाका आणि सालं वाटणात घाला, आमसुलं तीन-चार. उकळी आली की मासा सोडा, आणि मग ढवळू नका, मोडतो. भांडं नुसतं हलवा.

शोभना


आखन
२९ सप्टेंबर २०२४

ती. आई,

नमस्कार. तुम्ही सांगितलं तसं केलं.

हेर योरिसन यांच्या घरी गेलो. आधी काय बोलायचं ते जर्मनमध्ये पाठ करून गेलो होतो, दारातच विसरलो. नियम माहीत असून मासे सोडत होतो हे सांगितलं. तो एक मासा मारून कचऱ्यात टाकला हेही सांगितलं. त्यांची बायको कॉफी घेऊन येत होती, ती ते ऐकून ट्रे घेऊन परत आत गेली. हेर योरिसन यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आल्झो, म्हणजे तुम्ही प्राण्याशी खेळलात आणि वर स्वतःला त्याच्यापेक्षा स्वच्छ समजत होतात.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मासे धरायच्या परवान्याचं माझं कार्ड त्यांनी ठेवून घेतलं. या वर्षी त्यांच्याबरोबरच नदीवर यायचं, मापाचा पहिला मासा लागला की दोर गुंडाळायचा आणि घरी जायचं, असं ठरलं. क्लबाच्या सभेत हा विषय निघणार आहे. मी तिथे जाऊन हेच पुन्हा बोलेन.

काल गेलो. दुपारपर्यंत काही नाही, मग एक एशे लागला. तो काठावर न आणता पाण्यातच सोडवला. मग ट्राउट आला. हेर योरिसन यावेळी माझ्या शेजारी उभे राहिले, आणि मी एका घावात मारला.

साफ मी केला, आमच्याच सिंकमध्ये. त्याच्या पोटात किडे होते, खरेखुरे, माझ्या बनावटीच्या किड्यांसारखेच. वाटण मिक्सरमध्ये केलं, तुमच्याइतकं गुळगुळीत झालं नाही. नंदिनी दाराशी उभी होती. तिने एकदाच सांगितलं, “गॅस बारीक कर.” तिरफळाचा वास सुटला तेव्हा ती तिथून निघून गेली. मला वाटलं बरं नाही वाटत की काय. बघितलं तर ती बेडरूममध्ये साडीच्या कपाटाला टेकून उभी होती, डोळे मिटून.

मी वाढलं. अन्वी बसली, नंदिनी बसली आणि मी माझं वरण-भाताचं ताट घेऊन समोर बसलो. नंदिनीने माशाचा तुकडा मोडला, भातात कालवला, आणि तिचा हात ताटातच राहिला.

“शिरीष, मला तुझ्यासमोर खाता येत नाहीये.”

मी म्हटलं, अगं, आता काय त्याचं, मीच केलाय ना.

“माहितीये. राग नाहीये माझा. तोंडच उघडत नाहीये. इतकी वर्षं घास घ्यायच्या आधी तू आसपास नाहीस ना, हे बघितलंय मी.”

ती मान खाली घालून बसली होती. काहीतरी चोरताना पकडली गेल्यासारखी. आई, लाज मी आणली, मी कमावली, आणि ती बसली होती तिच्या तोंडावर. मला ते बघवेना.

मी माझं ताट उचललं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसलो. दार लोटून घेतलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग चमचा वाजला. मग अन्वी काहीतरी जर्मनमध्ये म्हणाली आणि नंदिनी हसली. आई, ते हसणं मला ओळखीचं नव्हतं. बारा वर्षं एका घरात राहून नव्हतं. वरच्या आजी पायऱ्या चढत आल्या, मला जिन्यात भात खाताना बघून घाबरल्या, ‘आलेस गुट?’ म्हणजे सगळं ठीक ना, असं त्यांनी विचारलं. मी ‘या, या’, म्हणजे हो हो, म्हटलं आणि पाय बाजूला घेतले.

आत गेलो तेव्हा ताटं धुऊन झाली होती. तिने किती खाल्लं, आवडलं की नाही, काही कळलं नाही.

माझ्या घरात मासा शिजला, तरी तिला माझ्यासमोर जेवता येत नाही. मी काय करू ते सांगा.

तुमचा,
शिरीष


वेंगुर्ले
२० ऑक्टोबर २०२४

चि. शिरीषराव,

आशीर्वाद.

कृतीत मीठ लिहायचं राहिलं होतं. तुम्ही घातलंत की नाही ते कळवलं नाहीत.

काय करू म्हणून विचारता. दर शनिवारी करा. नदीवर मासे धरायचा मोसम संपला असेल तर बाजारातून विकत आणा, पण करायचा तुम्हीच. वाढा आणि उठून बाहेर जा. दारातून डोकावू नका, कसा झालाय म्हणून विचारू नका. एक दिवस ती आपणहून हाक मारेल. कदाचित वर्ष लागेल, कदाचित जास्त. नाही मारली हाक, तरी करत राहा.

आता तिकडे थंडी सुरू होईल, जिन्यात स्वेटर घालून बसा. ती इतकी वर्षं रस्त्यावर उभी राहून जेवली. तुम्हाला निदान बसायला पायरी आहे.

शोभना